बशीतलं आणि बादलीतलं

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधला तरुण संसार समजून घ्यायचा असेल तर सोमवारी सकाळी त्याच्या मागच्या मोरीत शिरावं. पुढची खोली बघून काही कळायचं नाही. ती पाहुण्यांसाठी, नाताळसाठी आणि घरातल्या कुणाची शवपेटी ठेवायची वेळ आली तर त्यासाठी राखलेली असायची. खरं घर मागे होतं. स्वयंपाकघराला लागून एक ओलसर खोली, तिला स्कलरी म्हणत. दगडी फरशी, उथळ सिंक, थंड पाण्याचा एक नळ आणि कोपऱ्यात विटांत चिणलेला ‘कॉपर’.

कॉपर म्हणजे आपला बंब नव्हे. बंबात पाणी तापतं आणि तोटीतून बाहेर येतं. कॉपर हा मोठा हंडा, विटांच्या चुलीत कायमचा बसवलेला. वर लाकडी झाकण, खाली जाळ घालायला लोखंडी दार. नाव तांब्याचं असलं तरी बरेचसे बिडाचेच असत. दहा-बारा गॅलन, म्हणजे पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावायचं. ते नळाखाली बादल्या भरून ओतायचं आणि धुणं झाल्यावर डबडं घेऊन उपसायचं, कारण तळाला तोटी असेलच असं नाही. पहाटे सहाला जाळ केला तर साडेसातच्या सुमाराला उकळी. त्या उकळीत लंगोट जायचे.

लंगोट किती? १९४७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये ८,८१,०२६ मुलं जन्मली. १९२०नंतर एवढी मुलं कुठल्याच वर्षी झाली नव्हती, पुढेही झाली नाहीत. एका बाळाला टर्किश टॉवेलच्या कापडाचे दोन डझन चौकोनी लंगोट लागतात, असा तेव्हाचा सल्ला होता. म्हणजे त्या एका वर्षाच्या बाळांचेच दोन कोटींवर लंगोट, आणि ते धुवायला रेशनचा साबण, रेशनचा कोळसा आणि बहुतेक ठिकाणी एकच बाई.

या काळाबद्दल लिहिताना पंतप्रधान अॅटलींचं मजूर पक्षाचं सरकार, आरोग्यमंत्री बेव्हन, ५ जुलै १९४८ला सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा ही नावं येतात, आणि यायलाच हवीत. जे मोजून देता येतं ते त्या सरकारने खरोखर मोजून, बऱ्यापैकी न्यायाने वाटलं. दूध, लोणी, संत्र्याचा रस, सुईण, चष्मा. पण माझ्या मते त्या पिढीच्या संसाराची रेघ दुसरीकडेच पडली होती. सरकारने बशीतलं वाटून दिलं, बादलीतलं नाही. गरम पाणी आणि स्वतःची खोली या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या नशिबावर राहिल्या.

आधी बशीतलं पाहू. रेशन हा शब्द मराठीला नवा नाही. मुंबईत रेशनिंग सुरू झालं १९४३ मध्ये, त्याच युद्धामुळे. ब्रिटनमध्ये ते ८ जानेवारी १९४० पासून होतं आणि युद्ध संपल्यावर सुटण्याऐवजी आवळत गेलं. अमेरिकेची उधारीवरची मदत ऑगस्ट १९४५ मध्ये एकाएकी थांबली. परदेशी माल घ्यायला डॉलर नव्हते, देणी मात्र डोंगराएवढी होती. त्यात एकट्या भारताचे एक अब्जाहून अधिक पौंड होते, हे आपण लक्षात ठेवायला हरकत नाही. म्हणून देशात बनलेलं चांगलं ते आधी निर्यात व्हायचं. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला फुलांची नक्षी असलेला चहाचा सेट मिळत नसे. नक्षीची भांडी परदेशी आणि घरी पांढरीफटक, असा नियम १९५२ पर्यंत होता.

युद्धात एकदाही रेशनवर न गेलेला पाव शांततेत गेला, २१ जुलै १९४६ला. त्याचा हिशेब ‘ब्रेड युनिट’मध्ये. साध्या प्रौढ माणसाला आठवड्याला ९ युनिट, आणि मोठ्या पावाला, म्हणजे पाऊण किलोहून थोड्या जास्त वजनाच्या लोफला, ४ युनिट. नवरा-बायको मिळून १८ युनिट, म्हणजे साडेचार पाव. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला जास्त, गरोदर बाईला थोडे जास्त, तान्ह्याला अगदी थोडे. पीठ आणि केकही त्याच युनिटांतून. ही पद्धत दोन वर्षं चालली. प्रत्यक्षात कुणी उपाशी राहिलं असं नाही. पण दर आठवड्याला आणखी एक कात्री, आणखी एक पान, आणखी एक रांग आली.

मांसाचं रेशन वजनावर नव्हतं, किमतीवर होतं. घर चालवणारीची हुशारी नेमकी इथे कामाला यायची. सुमारे शिलिंगभराचं, म्हणजे बारा पेनींचं मांस मिळणार असेल तर चॉप घेतल्यास दोन तुकड्यांत संपतं. तेच मेंढीच्या मानेचा किंवा छातीचा स्वस्त भाग घेतला तर वजनाला दुपटीने भरतं. फक्त तो मंद आचेवर दोन-तीन तास शिजवावा लागतो, म्हणजे पुन्हा कोळसा आला. काळीज, मूत्रपिंड, सॉसेज रेशनबाहेर, पण ते खाटकाच्या मर्जीवर. आणि खाटीक बदलता येत नसे. प्रत्येक कुटुंबाने आपली नावं ठरावीक दुकानात नोंदवलेली असत, घर बदललं तर अन्न कार्यालयात जाऊन नोंद फिरवायची. म्हणून खाटकाशी भांडण परवडत नसे. सहा वर्षांखालच्या मुलाला मांस निम्मं. पाच वर्षांखालच्याला चहा नाही. १९५१च्या सुरुवातीला मांसाचं रेशन माणशी आठ पेनींवर आलं, ही युद्धातल्या कुठल्याही आठवड्याहून वाईट अवस्था होती.

बाळ येणार असं कळलं की बाईला हिरवं रेशनबुक मिळायचं. प्रौढांचं फिक्या बदामी रंगाचं, शाळकरी मुलांचं निळं, आणि गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांचं हिरवं. या हिरव्या पुस्तकाला बाजारात वजन होतं. रोज पाइंटभर, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त दूध स्वस्तात किंवा फुकट, अंडी जास्त, आणि दुकानात संत्री आली तर पहिला हक्क. युद्धानंतरची पहिली केळी डिसेंबर १९४५च्या शेवटी ब्रिस्टलजवळच्या अॅव्हनमथ बंदरात उतरली, तीही आधी मुलांसाठी राखून ठेवलेली. चार-पाच वर्षांच्या मुलांनी केळं कधी पाहिलेलंच नव्हतं. सोलायचं असतं हे त्यांना सांगावं लागलं.

शिशुकल्याण केंद्रात बाळाचं वजन व्हायचं आणि तिथेच सरकारी दूधपावडरचा डबा, संत्र्याचा आटवलेला रस आणि कॉडलिव्हर ऑइल मिळायचं. तेल मुलं थुंकायची आणि थुंकलेलं कपड्यावर पडलं तर वास धुण्यातही जात नसे, हे प्रत्येक आईला ठाऊक. या योजनेतली एक चूक मात्र उशिरा लक्षात आली. दूधपावडरीत ‘ड’ जीवनसत्त्व घातलेलं, बाळाच्या तयार सीरिअलमध्येही तेच, वर तेलाचा चमचा. सगळं मिळून काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम फार वाढायला लागलं. ती बाळं दूध टाकायची, ओकायची, वजन धरत नसत. १९५७ मध्ये हे प्रमाण कमी केलं गेलं. तरीही हिशेब मांडला तर पारडं योजनेच्याच बाजूने झुकतं. १९४५ मध्ये हजार बाळांमागे ४६ पहिल्या वर्षात दगावत, १९५० मध्ये तो आकडा तीसवर आला होता.

अंड्याच्या पावडरीबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. एक सपाट मोठा चमचा पावडर आणि दोन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं. पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या मोडत नाहीत. आधी थोड्या पाण्यात पेस्ट, मग उरलेलं, मग पाच मिनिटं ठेवून फेटायचं. ऑम्लेट रबरासारखं व्हायचं ते बहुतेक वेळा हे पाच मिनिटांचं ठेवणं टाळल्यामुळे. चवीला कुणी चांगलं म्हणत नसे, तरी फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने ही पावडर बंद करायचं जाहीर केलं तेव्हा गृहिणींनी इतका गदारोळ केला की निर्णय बदलावा लागला.

आता खोली. लग्न झालं, नवरा सैन्यातून सुटून सरकारी सूट घालून घरी आला, पण घर कुठलं? बॉम्बनी लाखो घरं पाडली किंवा मोडकळीला आणली होती आणि सहा वर्षं नवी बांधलीच नव्हती. पुष्कळ जोडप्यांचा संसार बायकोच्या आईच्या घरातल्या एका खोलीत सुरू झाला. आपल्याकडे घरजावई म्हटलं की भुवया उंचावतात, तिथे तीच रीत होती. लंडनच्या पूर्व भागात तर खाजगी घरमालकाचा भाडं गोळा करणारा माणूस दर आठवड्याला दारात यायचा आणि पुढे कुठलं घर रिकामं होणार आहे ते त्याला माहीत असायचं. लेकीसाठी त्याच्याकडे शब्द टाकायचा तो आईने. आईचं भाडं वर्षानुवर्षं वेळेवर गेलेलं असेल तर लेकीला दोन गल्ल्या सोडून खोल्या मिळायच्या. नगरपालिकेच्या यादीत गुण मोजून घर मिळे. मुलं किती, खोल्या किती, क्षयरोग आहे का, किती वर्षं थांबलात. तिथे आईचा शब्द चालत नसे.

१९४६च्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबं रिकाम्या लष्करी छावण्यांत सरळ घुसली आणि पत्र्याच्या अर्धगोल निसन झोपड्यांत राहू लागली. सप्टेंबरमध्ये लंडनच्या केन्सिंग्टनमधली श्रीमंती फ्लॅटची इमारतही अशीच ताब्यात घेतली गेली. नंतर छावण्यांतल्या कित्येकांना नगरपालिकांनी नळ, वीज देऊन तिथेच राहू दिलं, भाडं लावून.

नशीब फारच जोरावर असेल तर प्रीफॅब मिळायचं. कारखान्यात तयार केलेली, जमिनीवर जोडायची एकमजली घरं, दीड लाखाहून थोडी जास्त बांधली गेली. त्यातलं अॅल्युमिनियमचं घर विमानांच्या कारखान्यांत व्हायचं आणि चार तुकड्यांत ट्रकवरून यायचं. आयुष्य दहा-पंधरा वर्षं धरलेलं. काही पन्नास-साठ वर्षं टिकली. त्यांची सगळी किमया एका भिंतीत होती. भिंतीच्या या बाजूला स्वयंपाकघर, त्या बाजूला न्हाणीघर, आणि पाण्याचे सगळे नळ त्या एकाच पोकळीत. शेगडीच्या मागे बॉयलर, त्यामुळे खोली उबदार करायला जाळलेल्या कोळशावरच आंघोळीचं पाणी तापायचं. संडास घरात. फ्रिज भिंतीत, तोही गॅस किंवा विजेवर, जेव्हा चांगल्या मध्यमवर्गीय घरांतही फ्रिज नव्हता. वाईट बाजू ही की पातळ भिंतींना हिवाळ्यात आतून पाणी सुटायचं. पलंग भिंतीला टेकवला तर गादीला बुरशी, म्हणून तो चार बोटं लांब ठेवायचा. तरी नळ उघडला आणि गरम पाणी आलं, हे ज्यांना पहिल्यांदा मिळालं त्यांना बुरशीचं काय वाटणार? १९५१च्या जनगणनेत तिघांपैकी एकाहून जास्त कुटुंबांकडे न्हाणीघरातला टब नव्हता. त्यांच्याकडे जस्ताचा टब होता, मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला. शुक्रवारी रात्री तो शेगडीपुढे यायचा आणि त्या एका पाण्यात आधी मुलं, मग आई, शेवटी बाप. मध्ये एखादी किटली गरम पाणी वाढवायचं.

बाळंतपण पुष्कळदा घरीच. त्याची तयारी महिनाभर आधीपासून. गादीवर टाकायला जाड तपकिरी कागद आणि वर्तमानपत्रं, जुन्या चादरीच्या घड्या ओव्हनमध्ये भाजून निर्जंतुक करून कागदात गुंडाळलेल्या, दोन इनॅमलच्या थाळ्या, नखं घासायचा ब्रश. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत एरवी कधी शेगडी पेटत नसे. त्या दिवशी पेटायची आणि कोळसा जिन्यावरून नेणं हे नवऱ्याचं काम. सुईण सायकलवरून यायची. वार जमिनीत पुरायची किंवा शेगडीत जाळायची, तेही त्याच्याचकडे. पुढचे चौदा दिवस सुईण येत राहायची आणि बाळंतिणीला निदान आठ-दहा दिवस अंथरुणातून उठू देत नसत. धुणं, स्वयंपाक, मोठं मूल हे सगळं आई किंवा शेजारीण बघायची. चर्चमध्ये जाऊन शुद्ध झाल्याशिवाय बाळंतिणीने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं जुनी माणसं अजून मानत. आपल्या सोयेरासारखंच, फक्त घरी गोमूत्र शिंपडण्याऐवजी चर्चमध्ये प्रार्थना.

मार्च १९४६च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बाळंत झालेल्या १३,६८७ आयांना भेटून बाळंतपणाची पाहणी झाली होती. सुईण वेळेवर मिळाली का इथपासून बाबागाडीला किती खर्च आला इथपर्यंत. त्यातली काही हजार मुलं पुढे आयुष्यभर अभ्यासली गेली. आज ती ऐंशीच्या घरात आहेत.

आणि आता पुन्हा मोरीत.

धुण्याची सुरुवात रविवारी रात्रीच. पांढरे कपडे थंड पाण्यात सोडा टाकून भिजवायचे. थंडच, कारण रक्ताचा किंवा दुधाचा डाग गरम पाण्यात शिजून धाग्यात कायमचा बसतो. सोमवारी कॉपर भरला की आधी धुण्याचा सोडा, तो पूर्ण विरघळल्यावर साबण. हा क्रम चुकला तर नुकसान. लंडन आणि दक्षिणेकडचं पाणी जड, चुनखडीचं. त्यात साबण आधी पडला तर फेसाऐवजी राखाडी साय धरते आणि साबणाचा मोठा भाग पाण्याचा जडपणा मोडण्यातच जातो. फेब्रुवारी १९४२ पासून सप्टेंबर १९५० पर्यंत साबण रेशनवर होता. चार आठवड्यांना माणशी चार कूपनं, एका कूपनावर चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम, धुण्याचा साबण. अंगाचा साबण घ्यायचा तर त्याच कूपनावर तीनच औंस. बाळासाठी थोडा जास्त. लँकेशायरच्या मऊ पाण्यात हेच रेशन पुरून उरे, लंडनमध्ये पुरत नसे. कूपनं मात्र सगळीकडे सारखीच.

साबणाची उरलेली चिपं बरणीत साठवून गरम पाण्यात विरघळवून त्याची जेली करून ठेवायची. बाळाचे लोकरी कपडे त्या जेलीत, कोमट पाण्यात, चोळल्याशिवाय. लोकर उकळली किंवा चोळली तर तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखी आटते आणि कोट बाहुलीच्या मापाचा होतो. तो वाळवायचाही आडवा, टॉवेलवर, नाहीतर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

लंगोटांची शिस्त वेगळी. ते रोजचे, सोमवारची वाट बघत नाहीत. आधी नळाखाली झटकून खळबळायचे, मग झाकणाच्या बादलीत भिजत. रोज एक बादली गॅसवर उकळायची, दहा मिनिटं तरी. आणि मग विसळणं, तीन पाण्यांतून. बाळाच्या मांड्या लाल होऊन सोलवटल्या की आई आधी साबणाला दोष द्यायची. खरं कारण दोनांपैकी एक. एकतर सोड्याचा आणि साबणाचा अंश नीट निघालेला नाही, किंवा लंगोट पुरते उकळलेले नाहीत आणि त्यातल्या जंतूंनी लघवीपासून अमोनिया तयार केला आहे. सकाळी पहिला लंगोट सोडताना डोळ्यांना झोंबणारा वास आला तर दुसरं कारण नक्की. शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर टाकला की फरक पडे.

कॉपरमधून कपडे लाकडी काठीने काढून डॉली-टबमध्ये. डॉली म्हणजे लांब दांड्याच्या खाली पाच-सहा आखूड पायांचं स्टूल. ते घुसळायचं नाही, अर्धा वळसा डावीकडे, अर्धा उजवीकडे. गोल ढवळलं तर शर्टांच्या बाह्या एकमेकांना गळामिठी मारतात आणि सोडवताना शिवण उसवते. पहिलं विसळणं गरम पाण्यात, साबण सुटावा म्हणून, मग दोन थंड. मग नीळ. हलच्या रेकिट कंपनीची नीळ तिथल्या घराघरात होती. त्याच कंपनीची रॉबिन नीळ आपल्याकडच्या बादल्यांत कित्येक वर्षं पडत आली. पुरचुंडी पाण्यात दोनदा पिळायची आणि पाणी ओंजळीत घेऊन रंग बघायचा. नीळ तळाला बसते, म्हणून कपडा टाकताना पाणी हलतं हवं. नाहीतर चादरीवर निळे पट्टे, आणि शेजारणीच्या दृष्टीस ते पडलेच म्हणून समजा.

पिळायला मँगल. बिडाच्या चौकटीत दोन लाकडी रूळ, वर दाब कमी-जास्त करायचा स्क्रू, बाजूला हँडल. बटणं आत दुमडून घ्यायची, नाहीतर रुळाखाली चुरा. चादर चौपदरी, कडा जुळवून. एकीने हँडल फिरवायचं, दुसरीने कपडा घालायचा, आणि मुलाला तिथून लांब ठेवायचं, कारण बोटं रुळात जाण्याचा अपघात नेहमीचा होता.

एकदा तापवलेलं पाणी एका धुण्यावर कोण सोडणार? आधी पांढरं, त्याच पाण्यात रंगीत, मग कामावरचे कपडे. दुपारपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा. आणि चुलीत घालायचा कोळसा कॉपरने खाल्लेला असल्यामुळे सोमवारी स्वयंपाक नाही. रविवारचं उरलेलं थंड मांस आणि उरलेले बटाटे-कोबी तव्यावर परतून. इंग्लंडचं सोमवारचं थंड जेवण हा काही आवडीनिवडीचा प्रकार नव्हता. आग एकच होती आणि ती कपड्यांखाली होती.

कोळशाचं रेशन मांसापेक्षा कडक. दक्षिणेत घराला वर्षाला ३४ हंड्रेडवेट, उत्तरेत ५०. चौतीस म्हणजे साधारण १,७०० किलो, दिवसाला पाच किलोही नाही. त्यात शेगडी, स्वयंपाक आणि कॉपर. पोत्याच्या तळाचा चुरा फेकत नसत. तो ओला करून, त्यात वापरलेली चहापत्ती आणि बटाट्याची सालं मिसळून रात्री निखाऱ्यांवर थापायचा, म्हणजे सकाळपर्यंत विस्तव धरून राहतो.

१९४७च्या जानेवारीअखेर बर्फ पडायला लागलं ते मार्चच्या मध्यापर्यंत. खाणीत कोळसा होता, पण गाड्या अडकलेल्या. १० फेब्रुवारीपासून देशाच्या बऱ्याच भागांत घरगुती वीज सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार बंद. दोरीवरचे लंगोट पुठ्ठ्यासारखे ताठ व्हायचे. तसे काढताना वाकवले तर धागा तुटतो, म्हणून आडवे धरून आत आणायचे आणि शेगडीपुढच्या लाकडी घोडीवर टाकायचे. मग खोलीची सगळी ऊब त्या वाफेत जायची, खिडकीला आतून बर्फ धरायचं. ज्यांच्या घरी एकच खोली होती त्यांचं जेवण, झोप, बाळ आणि ओले लंगोट त्या चार भिंतींत.

डिसेंबर १९५२ मध्ये निकृष्ट प्रतीचा चुऱ्याचा कोळसा रेशनमुक्त झाला, लोकांनी तो हौसेने घेतला आणि त्याच आठवड्यात, ५ ते ९ तारखांना, लंडनवर धूर-धुक्याची चादर बसली. तेव्हाच्या अंदाजाने ४,००० माणसं गेली. खिडकीच्या फटींत ओले कपडे कोंबून बाळांना आत ठेवलं. धुणं तेव्हा बाहेर घालायचा प्रश्नच नव्हता. दोरीवर विसरलेली चादर काळी होऊन आत यायची.

पैशांचं थोडक्यात. पगार शुक्रवारी, रोख, पाकिटात. लँकेशायरमध्ये चांगला नवरा पाकीट न फोडता बायकोच्या हातात द्यायचा आणि ती त्याला खर्चायला परत द्यायची. इतर पुष्कळ ठिकाणी नवरा ठरावीक घरखर्च द्यायचा आणि त्याचा पगार किती हे बायकोला ठाऊकच नसायचं. शेगडीवरच्या फळीवर डबे: भाडं, कोळसा, विमा. गॅसच्या मीटरसाठी शिलिंग जपून. ६ ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग भत्ता मिळू लागला. पहिल्याला काही नाही. तो मूळ मसुद्यात बापाला जाणार होता. एलिनर रॅथबोन या खासदार बाईंनी भांडून तो आईच्या नावावर करवून घेतला आणि पहिला हप्ता वाटला जाण्याच्या सात महिने आधी त्या वारल्या. कित्येक बायकांच्या हातात स्वतःच्या नावाचे पैसे आले ते लग्नानंतर प्रथमच.

कपड्यांची कूपनं मार्च १९४९ पर्यंत होती. गरोदर बाईला जादा पन्नास-साठ मिळायची, त्यातली चोवीस दोन डझन लंगोटांत संपायची. चादर मध्यभागी विरली की उभी फाडून दोन्ही बाजूंच्या चांगल्या कडा मधे आणून शिवायच्या आणि विरलेला भाग बाहेर घालवून तुरपायचा. मधली शिवण पाठीला टोचते, म्हणून ती सपाट दाबून दुहेरी घालायची. गोधडीच्या देशातल्या माणसाला यात नवल वाटू नये.

बादलीकडे लक्ष गेलं ते सरकारचं नव्हे, दुकानदारांचं. मे १९४९ मध्ये लंडनच्या क्वीन्सवे रस्त्यावर नाणं टाकून कपडे धुवायचं पहिलं दुकान उघडलं. उत्तरेतल्या शहरांत नगरपालिकांची धुण्याची घरं आधीपासून होती. तिथे बायका बाबागाडीत धुण्याचं गाठोडं आणि गाठोड्यावर बाळ ठेवून जायच्या. १९५० नंतर साबणाऐवजी डिटर्जंट पावडर आली. ती जड पाण्यात साय धरत नाही, म्हणून लंडनची बाई सोड्याच्या क्रमातून सुटली. हप्त्यावर छोटं धुलाई यंत्र घेणारेही निघाले, वर हाताचा मँगल बसवलेलं, पाणी मात्र पुष्कळदा किटलीनेच भरायचं.

४ जुलै १९५४ला मांस सुटलं आणि अन्नाचं रेशन संपलं. कोळशाचं आणखी चार वर्षं, जुलै १९५८ पर्यंत राहिलं. १९४७च्या थंडीतली बाळं तोवर अकरा वर्षांची होऊन माध्यमिक शाळेच्या परीक्षेला बसली होती. त्यांचे लंगोट त्यांच्या मागच्या भावंडांनी वापरले होते. कडा सुटल्यावर ते कापून भांडी पुसायला, मग फरशीला. आणि ती फरशीची फडकी सोमवारी पुन्हा कॉपरमध्येच, सगळ्यात शेवटी, जाळ विझत आल्यावर, त्याच चहाच्या रंगाच्या पाण्यात.